मोठ्या पडद्याचं जादा तिकीट: नेमके कशाचे पैसे देतो आपण?

मध्यरांग (धागाकर्ता)

एखादा मोठा चित्रपट लागला की तिकीट काढताना तोच चित्रपट चार-पाच नावांखाली दिसतो. साधा टू-डी, थ्री-डी, आयमॅक्स, डॉल्बी सिनेमा, शिवाय मल्टिप्लेक्सवाल्यांनी स्वतः ठेवलेल्या भारदस्त नावाचं एखादं सभागृह. प्रत्येकाचा दर वेगळा, आणि दर वेळी तोच प्रश्न: जादा पैसे द्यायचे का?

माझं मत आधीच सांगतो. चित्रपट त्या पडद्यासाठी चित्रित झाला असेल आणि जागा मधली मिळत असेल, तर आनंदाने द्यावेत. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल, तर साध्या पडद्याचं नीट निवडलेलं तिकीट जास्त समाधान देतं.

मोठ्या पडद्याची ओढ नवी नाही. घरोघरी टीव्ही आले आणि थिएटरांची गर्दी ओसरायला लागली, तेव्हा १९५२ मध्ये सिनेरामा आलं. तीन प्रोजेक्टर, खोलगट वळवलेला पडदा, १४६ अंशांचा पल्ला. पुढच्याच वर्षी रुंद चित्राचं सिनेमास्कोप आणि १९५५ मध्ये टॉड-एओचं ७० मिमी रुंद फिल्मचं तंत्र. आयमॅक्सचा पहिला चित्रपट १९७० च्या ओसाका प्रदर्शनात दाखवला गेला, आणि १९७१ मध्ये टोरांटोत त्याचं पहिलं कायमचं थिएटर सुरू झालं. त्यातली युक्ती अशी, की ७० मिमीची फिल्म उभी न सरकवता आडवी सरकवायची आणि एका चौकटीला कडेच्या पंधरा छिद्रांइतकी लांबी द्यायची. चौकट नेहमीच्या ७० मिमीच्या तिप्पट होते आणि ३५ मिमीच्या आठपटींहून मोठी. मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म प्रोजेक्टरमधून पळते. ‘ओपनहायमर’ची (२०२३) अशी प्रत जवळजवळ १८ किलोमीटर लांब होती, आणि प्रदर्शनाच्या वेळी तशा प्रती जगभरात फक्त तीस ठिकाणी लागल्या.

आयमॅक्स या पाटीची कीर्ती या फिल्मने कमावली आहे. आज मात्र त्याच पाटीखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी चालतात. मोजक्या ठिकाणी खरी फिल्म. काही ठिकाणी दोन लेझर प्रोजेक्टर, जे फिल्मइतकीच उंच चौकट दाखवू शकतात. बऱ्याच ठिकाणी ४के (म्हणजे आडव्या ओळीत सुमारे चार हजार ठिपके) लेझर, पण चौकट कमी उंचीची. आणि २००८ पासून बसवले गेलेले झेनॉन दिव्याचे २के (त्याच्या निम्मे ठिपके) प्रोजेक्टर, ज्यांतले काही अजून चालू आहेत. तिकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

माझ्या मते पडद्याच्या मोठेपणापेक्षा आधी चौकटीचं गुणोत्तर, म्हणजे रुंदी : उंची, बघायला हवं. फिल्मवाल्या आयमॅक्सची चौकट १.४३ : १, म्हणजे जवळजवळ चौरसाकडे झुकणारी. बहुतेक डिजिटल आयमॅक्सची १.९० : १. आणि आपण बघतो त्या कितीतरी मोठ्या चित्रपटांची चौकट असते स्कोप, म्हणजे २.३९ : १. आता स्कोप चित्रपट १.९० च्या पडद्यावर लावला तर रुंदी पूर्ण भरते, पण उंचीचा पाचवा हिस्सा वर-खाली काळ्या पट्ट्यांत जातो. तोच १.४३ च्या पडद्यावर लावला तर उंचीचे जेमतेम साठ टक्के वापरले जातात. म्हणजे ज्या उंचीसाठी पैसे मोजले, तीच वाया. उलट पूर्ण चित्रपट १.९० मध्ये खुला होत असेल, तर साध्या स्कोप पडद्यावर न दिसणारा वरचा-खालचा भाग तिथे खरोखर दिसतो.

डॉल्बी सिनेमाची गोष्ट निराळी. तिथे उंचीपेक्षा उजेड आणि काळोख यांचे पैसे आहेत. रात्रीचे प्रसंग जास्त असलेला चित्रपट असेल तर मी डोळे मिटून तिकडे वळतो. मल्टिप्लेक्सवाल्यांच्या स्वतःच्या नावाच्या सभागृहांना मात्र कसलंच समान मोजमाप नाही. एका ठिकाणी उत्तम लेझर आणि ॲटमॉस (छतावरूनही आवाज देणारी डॉल्बीची ध्वनियंत्रणा) असतं, दुसऱ्या ठिकाणी निव्वळ थोडा मोठा पडदा आणि जाड गादीची खुर्ची.

तुमचे अनुभव काय आहेत? तंत्रातलं जाणणाऱ्यांनी जरूर लिहावं.

शेवटचीरांग

चांगला विषय. पण मला वाटतं, या चर्चेत सगळे मीटर मोजतात आणि अंश विसरतात. डोळ्याला पडद्याची रुंदी कळत नाही, कोन कळतो.

साधं गणित आहे. पडद्याच्या रुंदीइतक्याच अंतरावर बसलात तर पडदा डोळ्यांसमोर सुमारे ५३ अंश व्यापतो. रुंदीच्या दीडपट अंतरावर ३७ अंश. दुप्पट अंतरावर २८. पडदा दहा मीटरचा असो की पंचवीस मीटरचा, कोन तोच. म्हणजे साध्या सभागृहात दहा मीटरच्या पडद्यापासून दहा मीटरवर बसलेल्या माणसाला, पंचवीस मीटरच्या पडद्यापासून चाळीस मीटरवर बसलेल्यापेक्षा चित्र बरंच मोठं दिसतं. तरी दुसऱ्याने जादा पैसे मोजलेले असतात.

मी नावाप्रमाणे मागे बसते आणि मला तेच आवडतं. पूर्ण चौकट एका नजरेत मावली पाहिजे, मान हलवायला लागू नये. माझ्यासारखीने मोठ्या पडद्याचे पैसे का द्यावेत, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मध्यरांग

कोनाचं अगदी बरोबर. उद्योगातली मार्गदर्शक तत्त्वंही कोनातच बोलतात. शेवटच्या रांगेतूनसुद्धा पडदा ३६ अंश दिसावा असा टीएचएक्सचा (थिएटरांचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या कंपनीचा) आग्रह असतो. मोठ्या पडद्याची सभागृहं बहुधा उतारावर आणि कमी खोलीची बांधतात, त्यामुळे तिथली मागची रांग साध्या थिएटरच्या मागच्या रांगेपेक्षा पडद्याच्या हिशेबात जवळ येते. पण हे खास बांधलेल्या सभागृहांना लागू. जुन्याच लांबुळक्या हॉलमध्ये पडदा बदलून नवी पाटी लावली असेल तर तुमचं गणित शंभर टक्के खरं ठरतं.

त्यात एक पुरवणी जोडतो. पुढे सरकून कोन वाढवता येतो, पण चित्रात तेवढे कण असायला हवेत. निरोगी नजर एका अंशात सुमारे ६० बारीक ठिपके वेगळे ओळखते. २के प्रोजेक्टरची आडवी २०४८ ठिपक्यांची ओळ ५३ अंशांत पसरली तर अंशाला सरासरी ३९ ठिपके येतात. नीट नजरेच्या माणसाला चित्र किंचित मऊ वाटणार, पाट्यांच्या अक्षरांच्या कडा दिसणार. ४के असेल तर त्याच जागेवर ७७ येतात, म्हणजे डोळ्याच्या क्षमतेपेक्षा जास्त. अगदी ७० अंशांवरही ४के ५८ ठिपके देतं. जवळ बसणाऱ्याने ४केचे पैसे जरूर द्यावेत. २८ अंशांवर बसणाऱ्याला २केच ७३ देतं, त्याला फरक दिसणार नाही.

म्हणजे शेवटचीरांग, तुमच्या बाबतीत उत्तर ‘देऊ नका’ असंच आहे. उजेडाचा अपवाद सोडून.

केबिनवाला

उजेडाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी काही वर्षं प्रोजेक्शन केबिनमध्ये काम केलं आहे. थिएटरची नावं घेणार नाही, पण जे सांगतो ते बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने खरं आहे.

टू-डी चित्रपटासाठी पडद्यावर पांढऱ्याचा उजेड १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) असावा असं डिजिटल सिनेमाचं प्रमाण आहे. चित्रपटाचे रंग त्याच उजेडावर पक्के केलेले असतात. पण झेनॉनचा दिवा पहिल्या दिवसापासून मंदावत जातो. बदलायची वेळ येते तेव्हा तो नव्याच्या तुलनेत बराच म्हातारा झालेला असतो, आणि दिवा महाग म्हणून बदल पुढे ढकलला जातो. त्यात केबिनच्या काचेवर धूळ, भिंगावर धूळ. पडदा जितका मोठा तितका तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. म्हणून जुन्या दिव्याचा मोठा पडदा हा सगळ्यात वाईट सौदा. आकाराने डोळे दिपतात आणि पहिल्या दहा मिनिटांत सवय होते, मग राहतं ते राखाडी चित्र.

थ्री-डीत अजून वाईट. ध्रुवीकरणाचा फिल्टर आणि चष्मा मिळून बहुतांश उजेड खातात. साडेचार फूट-लँबर्टवर थ्री-डी चालवणं ही उद्योगात रूढ गोष्ट आहे. शिवाय अशा थ्री-डीसाठी चंदेरी पडदा लागतो, आणि तो टू-डीच्या वेळी बदलत नाहीत. चंदेरी पडदा मध्यभागी जास्त चमकतो आणि कडेच्या खुर्च्यांवरून एक बाजू अंधारी दिसते. काही ठिकाणी थ्री-डीचा फिल्टर टू-डीच्या खेळालाही पुढेच राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लेझरने हे दुखणं बरंच कमी केलं. लेझरचा उजेड हजारो तास जवळपास टिकून राहतो. डॉल्बी सिनेमात टू-डीला ३१ फूट-लँबर्ट देतात, म्हणजे नेहमीच्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त, आणि थ्री-डीला चष्म्यातूनही १४. पण त्याहून महत्त्वाचा आहे काळा रंग. साध्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये पांढरा आणि काळा यांचं प्रमाण साधारण दोन हजारास एक असतं. डॉल्बी सिनेमात ते दहा लाखास एक सांगतात. पडद्यावर पूर्ण काळोख आला की चौकट कुठे संपते तेच कळत नाही.

माझा सल्ला: तिकीट काढण्याआधी ‘लेझर आहे का’ एवढं एक विचारा. बाकी नावं विसरलात तरी चालेल.

कॅमेरावाली

केबिनवाला, फार मोलाचं लिहिलंत. रंग पक्के करताना आम्ही सावलीतल्या एकेका छटेसाठी भांडतो, आणि ती छटा दिवा मंदावल्यामुळे प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही, याचं वाईट वाटतं.

मी चित्रीकरणाच्या बाजूने लिहिते. ‘आयमॅक्समध्ये बघा’ अशी जाहिरात असलेले सगळे चित्रपट एका माळेचे नसतात. काही खरोखर आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यावर चित्रित होतात. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये सुमारे २८ मिनिटं तशी होती, आणि मोठ्या कथापटात तसं पहिल्यांदाच घडलं. अख्खा चित्रपट का नाही? कारण तो कॅमेरा अवजड, त्याचं एक रीळ तीनेक मिनिटांत संपतं, आणि चालताना तो इतका आवाज करायचा की शेजारी उभं राहून हळू आवाजातला संवाद मुद्रित करणं फार अवघड. म्हणून असे चित्रपट बहुधा अधूनमधून उंच होतात आणि संवादाला पुन्हा रुंद होतात.

दुसरा गट डिजिटल कॅमेऱ्यांचा. सेन्सरवर वर-खाली जास्त जागा असते, ती १.९० साठी खुली ठेवायची. यात दोन प्रकारचं काम बघायला मिळतं. चांगलं काम म्हणजे दिग्दर्शकाने दोन्ही चौकटींचा विचार करून दृश्य रचलेलं असतं. वाईट काम म्हणजे मूळ रचना स्कोपचीच, आणि वर नुसतं आकाश, खाली नुसती जमीन उघडलेली. दुसऱ्या प्रकाराला ‘जास्त चित्र’ म्हणून विकतात, पण रचना सैल होते. डोक्यावर अकारण रिकामी जागा दिसायला लागली की समजावं.

तिसरा गट नेहमीच्या चित्रपटांचा, जे प्रक्रिया करून मोठ्या पडद्याला साजेसे केले जातात. हे २००२ पासून चालू आहे. यात नवं चित्र दिसत नाही. शिवाय कित्येक चित्रपटांचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम आजही २के मध्ये पूर्ण होतं आणि मग ते मोठं केलं जातं. अशा वेळी ४के प्रोजेक्टर असूनही कण २केचेच.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: २४ फ्रेमचा धक्का. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा प्रत्येक फ्रेमला वस्तू थोडी उडी मारते. एखादी वस्तू पडदा पार करायला किमान सात सेकंद तरी घ्यावी, असा जुना आडाखा आहे. पण ७० अंशांच्या पडद्यावर सात सेकंद घेतले तरी दर फ्रेमला उडी ०.४ अंशाची होते. ३० अंशांवर ती ०.२ पेक्षा कमी. पडदा मोठा आणि उजळ, दोन्हींमुळे ही थरथर जास्त जाणवते. जलद कॅमेऱ्याची, सतत कापाकापीची मारामारी पुढच्या रांगेतून बघणं म्हणून मला त्रासाचं वाटतं. उलट शांत, लांब शॉट घेणारा दिग्दर्शक या पडद्याचं सोनं करतो.

पहिलाशो

वाचून बरंच शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार.

पण एक सांगू? ही सगळी मोजमापं मान्य केली तरी मोठ्या पडद्याचा आनंद फक्त अंतराळ, युद्ध आणि स्फोटांसाठी आहे, हे गृहीत मला पटत नाही. मला आजवर सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते चेहऱ्यांनी. पाच मजली उंचीचा माणसाचा चेहरा, डोळ्यात पाणी येण्याआधी पापणीच्या कडेला होणारी हालचाल. ते घरच्या टीव्हीवर दिसत नाही आणि मोबाइलवर तर अस्तित्वातच नसतं. छोट्या, शांत कौटुंबिक चित्रपटाला कुणी मोठा पडदा देत नाही, हा त्या चित्रपटांवर अन्याय आहे.

कॅमेरावाली

हे मनापासून पटलं. १.४३ ची उंच चौकट चेहऱ्यासाठीच जणू बनली आहे. स्कोपमध्ये चेहरा घेतला की कपाळ कापावं लागतं किंवा दोन्ही बाजूंना जागा उरते. अडचण फक्त पडद्यांच्या संख्येची आहे. मल्टिप्लेक्समध्ये मोठा पडदा बहुधा एकच असतो आणि तो त्या आठवड्याच्या सगळ्यात गल्लाभरू चित्रपटाला जातो.

कानसेन

सगळे डोळ्यांबद्दल बोलताहेत. माझ्या मते जादा पैशातला अर्धा भाग कानांचा आहे.

साध्या थिएटरात ५.१ किंवा ७.१ (पाच किंवा सात वाहिन्या आणि एक खर्जाची) असतं, म्हणजे भिंतीवरचे कडेचे स्पीकर गटागटाने एकच आवाज सोडतात. २०१२ मध्ये ॲटमॉस आलं. त्यात १२८ पर्यंत ध्वनिपट असतात आणि ६४ पर्यंत स्वतंत्र स्पीकरना वेगवेगळा आवाज पाठवता येतो, छतावरच्यासुद्धा. पाऊस डोक्यावर पडतो आणि गाडी तुमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातूनच जाते. आयमॅक्सची पद्धत वेगळी: आधी सहा वाहिन्या, लेझरच्या पिढीत बारा.

पण इथेही पाटीवर जाऊ नका. ध्वनिमिश्रण करताना प्रत्येक मुख्य वाहिनी ८५ डेसिबलला लावलेली असते, आणि थिएटरात आवाजाचा खटका ७ वर ठेवला तर तोच आवाज मिळायला हवा. प्रत्यक्षात कुणीतरी ‘आवाज फार आहे’ अशी तक्रार करतं, खटका खाली जातो आणि तिथेच राहतो. मग संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात आणि दोष चित्रपटाला जातो. मोठ्या पडद्याच्या सभागृहांत आवाज नियमित तपासला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून मी तिथे जातो.

जागेबद्दल एक गंमतशीर हिशेब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक फ्रेम ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे दर चौदा मीटरला आवाज एक फ्रेम मागे पडतो. तीस मीटर लांब सभागृहात शेवटच्या रांगेला ओठांची हालचाल आधी दिसते आणि शब्द दोन फ्रेमनी येतो. आवाज आणि चित्राचा मेळ साधारण सभागृहाच्या मध्याला धरून बसवतात. पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर, रांगेच्या मधोमध, ही माझी ठरलेली जागा.

शेवटचीरांग

कानसेन, हे नव्हतं माहीत. संवाद अधूनमधून ओठांपासून सुटल्यासारखे वाटायचे, त्याचं कारण हे असू शकतं. पुढच्या वेळी चार रांगा पुढे येऊन बघते.

नीलाक्षी

मला एक प्रामाणिक प्रश्न विचारायचा आहे. मोठ्या पडद्यावर मला गरगरतं. हवेतून खाली झेपावणारं दृश्य आलं की पोटात कालवतं आणि नंतर तासभर डोकं जड. साध्या थिएटरात असं होत नाही. घरच्यांना मोठाच पडदा हवा असतो आणि माझ्यामुळे सगळ्यांचा बेत बदलतो. काही उपाय आहे का?

कॅमेरावाली

नीलाक्षी, यात लाजण्यासारखं काही नाही, हे बऱ्याच जणांना होतं. नजरेच्या कडांना हालचाल दिसली की मेंदू समजतो, आपणच हलतो आहोत. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, छे, आपण बसलेलो आहोत. या भांडणातून मळमळ येते. पडदा जितका नजरेच्या कडांपर्यंत पोचतो तितकं हे वाढतं. आणि मोठा पडदा विकला जातो तो नेमका याच गुणावर.

म्हणून मागची रांग घ्या, म्हणजे पडद्याभोवतीची स्थिर भिंत नजरेत राहील. थ्री-डी टाळा. सुरू झालं तर डोळे मिटून घ्या किंवा समोरच्या खुर्चीच्या कडेकडे बघा. आणि हे सगळं करूनही त्रास होत असेल तर घरच्यांना मोठ्या पडद्याला पाठवून स्वतः बाजूच्या साध्या सभागृहात तोच चित्रपट बघणं अगदी योग्य आहे.

चाळिशीपार

वयाने थोडा पुढे गेलेल्यांच्या वतीने लिहितो. दोन बाबी कुणाच्या बोलण्यात आल्या नाहीत.

पहिली, उपशीर्षकं. मी परभाषेतले चित्रपट खूप बघतो. पडदा नजरेत ६०-७० अंश भरला की खालची ओळ वाचायला मान खाली आणि कडेकडे न्यावी लागते, तोवर वरचा चेहरा निसटतो. १.४३ च्या पडद्यावर तर चेहरा आणि ओळ यांत फार अंतर पडतं. उपशीर्षकांचा चित्रपट असेल तर मी सरळ साधा पडदा घेतो, किंवा मोठ्या पडद्याची शेवटून दुसरी रांग.

दुसरी, चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर दूरचं स्पष्ट दिसणारा भाग वरच्या अर्ध्यात असतो. उंच पडद्याचा तळ बघताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि चित्र धूसर होतं. कितीतरी जणांना वाटतं की थिएटरचा फोकस बिघडला आहे. दूरचा एकच नंबर असलेला जुना चष्मा घरात असेल तर तो घेऊन जा.

आणि आडव्या होणाऱ्या खुर्च्या. त्यांचे पैसे पडद्याच्या पैशांत मिसळून घेतात. पाठ दुखणाऱ्याला त्या उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण पूर्ण आडवं झालं की डोकं मागे जातं आणि पडद्याकडे नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागतं. मी पाय वर घेतो, पाठ सरळ ठेवतो.

मध्यरांग

चाळिशीपार, प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा मुद्दा फार उपयोगाचा. माझ्या वडिलांची ‘खालचं अंधुक दिसतं’ ही तक्रार आत्ता उलगडली.

पहिलाशो यांचा चेहऱ्याचा मुद्दाही माझ्या लेखात नव्हता आणि तो असायला हवा. मी ‘त्या पडद्यासाठी चित्रित झालेला’ असं लिहिलं तेव्हा डोक्यात भव्य दृश्यंच होती. लांब शॉट, ठरून रचलेली चौकट आणि जवळून घेतलेले चेहरे, हेही त्यात धरावं.

उत्सुक_प्रेक्षक

धागा वाचून काढला. माझ्यासमोर आत्ता अडचण आहे, ती सोडवून द्या. येणारा एक चित्रपट आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यावर बराचसा चित्रित झाला आहे. जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये १.९० चं ४के लेझर आयमॅक्स आहे, मधली जागा मिळते आहे. दूरच्या शहरात १.४३ चं सभागृह आहे, पण पहिल्या आठवड्यात तिथे पुढची दुसरी रांग, डाव्या कोपऱ्यातली जागाच उरली आहे. प्रवास अख्ख्या दिवसाचा. काय करू?

मध्यरांग

दुसरी रांग, कोपरा हे तर नकोच. पडद्याचा वरचा काठ नजरेच्या ३५ अंशांहून वर गेला की मान अवघडते, आणि १.४३ च्या पडद्याच्या दुसऱ्या रांगेतून तो त्याहून कितीतरी वर जाईल. शिवाय कोपऱ्यातून उजवी बाजू दूर आणि निमुळती दिसेल. प्रत्येक चेहरा तिरपा. ज्या उंचीसाठी एवढा प्रवास करणार, तिचाच त्रास होईल.

१.९० मध्ये १.४३ ची सुमारे पंचवीस टक्के उंची कापली जाते, पण मधल्या जागेवरून उरलेलं पंचाहत्तर टक्के चित्र जसं हवं तसं दिसतं. पहिल्या आठवड्याचा हट्ट असेल तर डोळे झाकून जवळचं तिकीट काढा.

हट्ट नसेल तर दूरच्या सभागृहाचा दुसऱ्या आठवड्यातला, कामाच्या दिवसाचा दुपारचा खेळ बघा. मधली जागा मिळेल. मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबू नका. मोठा पडदा पुढच्या चित्रपटाला दिलेला असतो आणि आधीचा चित्रपट साध्या सभागृहात सरकवला जातो, मग तो कितीही चालत असला तरी.

केबिनवाला

त्यात भर: दूरच्या थिएटरला फोन करून विचारा की तो चित्रपट फिल्मवर आहे की दोन लेझरवर. दोन्ही चालेल. पण फिल्मवर असेल तर सुरुवातीच्या दिवसांतला खेळ घ्या, नंतर प्रतीवर ओरखडे वाढतात. आणि खेळ सुरू झाल्यावर फोकस किंवा आवाज चुकीचा वाटला तर जागेवर कुरकुरत बसू नका. बाहेर येऊन माणसाला सांगा. आम्हाला केबिनमधून सभागृहातला आवाज नीट कळत नाही, आणि आता तर कित्येक ठिकाणी केबिनमध्ये कुणी नसतंच. सांगितल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही.

उत्सुक_प्रेक्षक

फोन केला. फिल्मवरच आहे म्हणाले. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारच्या खेळाला मागून चौथी रांग, मधल्या दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, घेतल्या. आल्यावर इथेच लिहितो.